सफरीचा वाटा

जून लागला की शारजात खिडकीची काच आतून हात लावला तरी चटका देते. अल नहदातल्या आमच्या घरातून दुबईकडे जाणारा रस्ता दिसतो, पण या दिवसांत त्याच्याकडे बघवत नाही. पडदे ओढून घ्यायचे आणि एसीची घरघर ऐकत पडायचं. त्या घरघरीत मला लाँचचं इंजिन ऐकू येतं. हे मशीन आहे, गेल्या महिन्यातच त्याची सर्व्हिसिंग झालीय, सगळं मला ठाऊक आहे. तरी दुपारी डोळा लागायच्या बेतात असला की ते इंजिन खाडीत शिरतं आणि मी उठून बसते. माझ्या वाट्याचं भूत इतकं साधं असावं, एसीच्या डब्यात राहणारं, याचा कधी कधी रागच येतो.

आमच्या कोकणात या दिवसांत समुद्र बंद झाला म्हणतात. समुद्राला काही दार नसतं, पण वारा फिरला की होड्या वर ओढतात, झावळ्यांनी झाकतात आणि खलाशी माणसं घरी येऊन छपरं शाकारायला लागतात. इथे वाळवंटात तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नसतो. पण पलीकडून येणारी गलबतं आणि लाँची थांबतात, आणि त्यावरून कळतं की तिकडे समुद्र बंद झाला. निदान पूर्वी कळायचं. आता इथे समुद्राचं कुणाला काही नसतं. या बिल्डिंगमधल्या मुलांना तो फक्त शुक्रवारच्या सुट्टीत दिसतो.

यंदा त्यात सनाची भर पडली. सना माझी नात, इक्बालची धाकटी. ऑफिसच्या कामाने फ्रान्सला जायचं ठरलं आणि काम कुठल्या कुठे राहिलं, ती रोज सोफ्यावर मांडी घालून फोनवर हॉटेलं निवडायला लागली. साधी नव्हेत. तारे मिळालेली. लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायची, ताटांचे फोटो दोन बोटांनी मोठे करून मला दाखवायची. एवढ्या मोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध एक घासभर काहीतरी.

"दादी, लुक! धिस वन हॅज टू स्टार्स. इट्स सो प्रिटी!"

"कामाला चाललीस की जेवायला?" मी विचारलं.

"बोथ, दादी. बोथ!"

इक्बालने मागून डोकावून किंमत बघितली, दिरहम केले, दिरहमांचे रुपये केले आणि कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "गाव कुठलं?"

"लायन, दादी. लाइक द अ‍ॅनिमल."

"लायन नव्हे. ल्यों. शेवटी नाकातून सोडायचं."

सनाने फोन मांडीवर ठेवला. तिची दादी रत्नागिरी, मुंबई, दुबई आणि मक्का यांच्यापलीकडे कुठे गेलेली नाही, हे तिला माहीत. "हाऊ डू यू नो?"

"एक अख्खा उन्हाळा मी तिथे जेवलेय," मी म्हटलं. सगळे हसले. इक्बालही हसला, पण जरा कमी. तो त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात होता.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा यूएई नावाचा देश नव्हता. दुबई म्हणजे एक खाडी, तिच्या दोन काठांची वस्ती आणि मागे वाळू. त्यातल्या देरा म्हणतात त्या काठाला, धक्क्यापासून जवळ, आम्ही खजुरीच्या झावळ्यांच्या घरात राहायचो. आम्ही म्हणजे दाऊद, मी, आणि ज्यांचं ते घर होतं त्या हलीमा फुफू, दाऊदच्या वडलांची बहीण. फुफूंच्या नवऱ्याचं धक्क्यावर दोरखंडाचं आणि शिडाच्या कापडाचं दुकान होतं. दाऊद लाँचवर इंजिन सांभाळायचा. दापोलीकडच्या आमच्या गावातून त्याने मला लग्नानंतरच्या हिवाळ्यात इकडे आणलं. मी मराठी शाळेत सातवी झालेली, समुद्रापलीकडे राहायला जाणारी घरातली पहिली बाई, आणि त्या गोष्टीचा मला बराच ताठा होता.

वैशाखात त्याची लाँच खजूर घेऊन मुंबईला गेली. हंगामातली शेवटची खेप. "समुद्र बंद व्हायच्या आत परत येतो," म्हणाला. मला तेव्हा दिवस गेल्याची शंका आली होती, पण खात्री नव्हती, म्हणून म्हटलं, आल्यावर सांगू. त्याला चिडवायचंही होतं थोडं. आल्यावर पाय धुवून तो बसेल, मी चहा देईन आणि मग सांगेन, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. वाक्यसुद्धा ठरलं होतं. ते वाक्य मला अजून पाठ आहे आणि ते मी कालपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

लाँच मुंबईहून निघाल्याचं कळलं. इकडे पोहोचली नाही.

आमच्या खाडीकाठच्या घरांत एक रीत आहे. घरातला माणूस सफरीवर असला की रोज रात्रीच्या जेवणातला त्याचा वाटा आधी काढून ठेवायचा. भाकरी, त्यावर जे काही असेल ते, वर दुसरी थाळी उपडी. तो वाटा घरातल्यांनी खायचा नाही. सकाळी वाटेवरच्या कुणाला द्यायचा, म्हणजे तिकडे आपल्या माणसालाही कुणीतरी देईल. याला सफरीचा वाटा म्हणतात. वाटा निघतोय तोवर माणूस जिवंत, वाटेत. माणूस गेल्याची खबर आली तर वाटा बंद होतो, आणि मग जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, त्याच्या आवडीचं करून, लोबान जाळून, त्याच ताटावर फातिहाची दुआ पढतात. ताट तेच आणि भाकरीही तीच. झाकलेलं असलं तर माणूस येणार आहे, आणि उघडं ठेवून त्यावर हात पसरले तर तो गेला.

मी वाटा काढत राहिले. लोक म्हणत, मस्कतला थांबली असेल, सूरच्या बंदरात वर ओढून घेतली असेल, समुद्र उघडला की येईल. समुद्र बंद असेपर्यंत कुणीच काही नक्की सांगू शकत नव्हतं. त्या उन्हाळ्यात ऊन भयंकर होतं, अंगावरचं कापड सुकत नव्हतं, गच्च दमट हवेत घासही गिळवत नव्हता, पण मी मनातून म्हणायची, हा उन्हाळा संपू नये.

आमच्या झावळ्यांच्या घराला लागून एक दगडी माडीचं घर होतं. वर वारा पकडून खाली आणणारा बुरूज. त्यात एक फ्रेंच साहेब आणि त्याची बायको राहायची. साहेब वाळवंटात जमिनीची मोजणी करायचा, तेलासाठी. मी आले तेव्हापासून साहेब मला दिसला नव्हता, पण ही माणसं महिनोन् महिने बाहेरच असतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाणकोटचे हसन मामू होते. त्यांनीच एक दिवस येऊन फुफूंना विचारलं, "मदामला टेबलाच्या चादरीला शिवण घालून पाहिजे. सून येईल का तुमची?"

"मी आहे ना घरात," असा भरवसा मामूंनी दिल्यावर फुफूंनी पाठवलं. बहुतेक त्यांनाही मी रोज दुपारी धक्क्याकडे तोंड करून बसलेली बघवत नसावी.

मदामचं नाव मला कधी कळलं नाही. सगळेच मदाम म्हणायचे. वय माझ्यापेक्षा बरंच जास्त, आखूड केस, उन्हाने नाक सोललेलं. खोलीत बुरुजाच्या खाली जिथे वारा पडायचा तिथे टेबल होतं. मी पहिल्या दिवशी चादर घेऊन खाली बसले आणि वर बघितलं तर हसन मामू टेबल मांडत होते. दोन ताटं, दोन पेले, दोन घड्या केलेले रुमाल. मदाम एका खुर्चीवर बसली. दुसऱ्या खुर्चीवर कुणी आलं नाही. तरी मामूंनी दोन्ही ताटांत वाढलं.

मला रडायलाच आलं. ही लांबची, लाल नाकाची, कुराण न वाचणारी बाई आपल्या माणसाचा वाटा काढते. आमच्यासारखाच. झाकत नाही एवढंच, पण त्यांच्यात झाकत नसतील.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. चादरी संपल्या, पडदे निघाले, पडदे संपल्यावर मदाम चांगले धड कपडे उसवून पुन्हा शिवायला द्यायला लागली. दोघींनाही कामाची गरज नव्हती. तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज झाली की ती कपाटातून एक जाडजूड लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढायची. त्यात तिच्या देशातल्या हॉटेलांची नावं होती, गावागणिक. चित्रं अजिबात नव्हती. नुसती बारीक अक्षरं आणि खुणा. जिथे बसायला चांगलं तिथे काटे-चमचे, जिथे जेवण चांगलं तिथे तारा. एक तारा असला तर वाटेत लागल्यास थांबावं, दोन असले तर वाट वाकडी करून जावं आणि तीन असले तर तेवढ्यासाठी प्रवास करावा. हे सगळं हसन मामूंनी मला हिंदुस्तानीतून सांगितलं. मदामचं थोडं इंग्रजी, मामूंचं तोडकंमोडकं सगळंच, आणि माझा बोट दाखवण्याचा धीटपणा, यांवर आमचं चालायचं.

पुस्तकातलं एकच पान ती उघडायची. ल्यों. तिचं माहेर तिथलं आणि साहेबाचंही गाव तेच. दोन नद्या मिळतात म्हणे तिथे. आणि त्या गावातली नावाजलेली हॉटेलं कितीतरी बायकांनी काढलेली. मोठ्या घरांतल्या स्वयंपाकिणी, नोकरी सुटल्यावर स्वतःचं दुकान मांडून बसल्या आणि लोक त्यांना आई म्हणायला लागले. हे ऐकून मामू म्हणाले, "देखो, इधर बाप भूखा मरता है, उधर आई होटल चलाती है." मदामला कळलं नाही, पण ती हसली.

रोज त्या पानावरून आजचं हॉटेल निवडायचं. टेबलावर असायचं काय, तर डब्यातले वाटाणे, धक्क्यावरून आणलेला मासा, हसन मामूंचा भात. पण त्याआधी निवड व्हायचीच, आणि घाईने नाही. हे नको, इथला वाढपी उर्मट आहे. हे नको, तिथे खिडकीजवळची जागा मिळत नाही. हे मस्यूला आवडतं, पण तिथे लोणी फार. मस्यू म्हणजे तिचा साहेब. हळूहळू ती मला विचारायला लागली. मी काय निवडणार कपाळ! मी आपली मामूंना विचारायची, यात डुक्कर आहे का? बेडूक आहे का? गोगलगायी आहेत का? दारू टाकतात का? असं करता करता अर्ध्याहून जास्त तारे गळून पडायचे. मदाम डोळे पुसत हसायची. मी त्या उन्हाळ्यात तिच्या गावची किती नामांकित हॉटेलं नापास केली असतील कोण जाणे.

एक मात्र मी पास केलं. नदीकाठचं, एका आईचं, तीन ताऱ्यांचं. तिथे नदीचा मासा बारीक वाटून, त्याचे लांबट मुटके करून, झिंग्यांच्या रश्शात सोडतात. त्याला कनेल म्हणतात. हे मामूंनी समजावलं तेव्हा मी शिवणच खाली ठेवली. दाऊदला मुटके फार आवडायचे. कोलंबीच्या रश्शात सोडलेले तांदळाचे मुटके, त्याची आई करायची, मला अजून तिच्यासारखे जमत नव्हते. म्हटलं, "हे. इथे जाऊ."

"किती माणसं?" मदामने बोटांनी विचारलं.

मी चार बोटं दाखवली. ती, तिचा साहेब, मी, दाऊद. हे सांगताना मला लाज वाटली आणि आनंदही झाला. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर आम्ही त्या हॉटेलात पुन्हा पुन्हा गेलो. कुठे बसायचं ते ठरलं. मी कुठली साडी नेसणार तेही ठरलं. नदीचा वारा येतो म्हणून शाल घ्यायची ठरली, आणि हे ठरवताना आम्हा दोघींच्या मानेवरून घामाच्या धारा वाहत असायच्या.

खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या ताटाचा मला आधार होता. घरी फुफू गप्प होत चालल्या होत्या. माझं पोट दिसायला लागलं होतं, आणि माझ्याशी बोलताना बायका आवाज खाली आणायच्या. मग मी त्या दगडी घरात जायची आणि दोन ताटं बघायची. मी मनाशी पैजच लावली होती. तिचा साहेब वाळवंटातून आला, की आठवड्यात दाऊद समुद्रातून येणार. ती थकत नाही, तर मी का थकू? मी तिला जाताना रोज म्हणायची, "इन्शाल्ला, आएंगे." ती माझा हात दाबायची. मामू तेव्हा दुसरीकडे बघायचे. मला वाटायचं, परपुरुष म्हणून.

मग समुद्र उघडला. सकाळी हवा थोडी कोरडी झाली, आणि फुफूंचे यजमान दुकानातून मध्येच घरी आले. पलीकडची पहिली लाँच खाडीत आली होती, हर्णैच्या माणसांची. त्यांनी दाऊदची लाँच मस्कतच्या पलीकडे, रास अल हद्दच्या टोकाला पाहिली होती, वारा फिरला त्या दिवशी. त्यानंतर कुणीच पाहिली नव्हती. त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांत विचारलं होतं. एक फळी मिळाली होती, रंगावरून ओळखीची. फळी त्यांनी आणली नव्हती, नुसतं सांगितलं.

तो दिवस जुमेरातीचा. दुपारनंतर फुफूंनी चूल पेटवली आणि मुटके केले. लोबानाची पुडी काढली. पांढरी ओढणी घडी करून माझ्याजवळ आणून ठेवली.

"रझिया, पोरी, आता ताट उघडं ठेव," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाकशील? त्याला तिकडे पोचायला पायजे ना. फातिहा दे. पोर होईपर्यंत विधवेची इद्दत पाळून घरात बस, मग पुढचं बघू."

"फळीला कुणी फातिहा देतं?"

"अगो, फळीला नाही. माझ्या भावाच्या पोराला." फुफू रडत होत्या. "मला का दगडाचं काळीज आहे?"

मी उठले आणि अंगावरच्या कपड्यानिशी शेजारी धावले. अस्रची वेळ, टेबल मांडलेलं. दोन ताटं. मामू भात वाढत होते, मदाम पुस्तक उघडून बसलेली. फुफू माझ्यामागे धापा टाकत दारापर्यंत आल्या. मी त्या दुसऱ्या ताटाकडे बोट करून ओरडले, "हिला कुणी सांगत नाही ताट उघडं ठेव म्हणून! हिचा साहेब मी आले तेव्हापासून आलेला नाही, तरी ही वाटा काढते. मला तेवढं सगळे मारायला निघालेत!"

मामूंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी फुफूंकडे पाहिलं, फुफूंनी त्यांच्याकडे.

"तुला ठाऊक नाही?" फुफू म्हणाल्या. "अगो, तो साहेब तर तू यायच्या आधीच गेला. ताप चढला तिकडे रेतीत. इथेच मिट्टी दिली त्याला. साऱ्या देऱ्याला ठाऊक आहे."

मामू हळू आवाजात म्हणाले, "बेटी, मला वाटलं, तुला सगळं ठाऊक असून तू त्यांचं मन राखतेस."

मी मदामकडे पाहिलं. तिला आमची भाषा कळत नव्हती, पण काय बोललं गेलं ते कळलं होतं. तिने पुस्तक मिटलं नाही. बुरुजातून वारा खाली आला आणि समोरच्या ताटाखालचा रुमाल हलला. महिनोन् महिने मी जो वाटा समजत होते तो फातिहा होता. लोबान नसलेला, हात न पसरलेला, पण मेलेल्या माणसासाठीच मांडलेला. ल्योंच्या त्या नदीकाठी, खिडकीजवळच्या टेबलावर, शाल घेऊन, हसत हसत, मी दाऊदला एका मेलेल्या माणसाशेजारी नेऊन बसवलं होतं. फुफूंनी मला धरून घरी नेलं.

घरी मुटके तसेच होते. मी ताटात वाढले आणि वर थाळी उपडी घातली. फुफूंनी हात धरायचा प्रयत्न केला, मी झिडकारला. फातिहा झाली नाही.

महिनाभरात मदामने घर सोडलं. जायच्या आधी तिने मामूंकडून निरोप पाठवला, एकदा ये. मी जाणार नव्हते, पण गेले. खोलीत सामान बांधलेलं होतं, टेबल तेवढं उरलं होतं आणि त्यावर ते लाल पुस्तक. तिने ल्योंचं पान उघडलं आणि माझ्या हॉटेलावर बोट ठेवलं. मामूंनी सांगितलं, मदाम म्हणते, गावी पोचल्यावर मी इथे जाणार आहे. तुझ्यासाठीही मांडायला सांगेन. तिने चार बोटं वर केली, मी केली होती तशी.

"नको," मी म्हटलं. "मामू, सांगा तिला, दोनच मांड. माझा माणूस वाटेत आहे. त्याचं ताट तुझ्या टेबलावर नको."

मामू सांगायला तयार होईनात. मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं. मदामने एक बोट खाली घेतलं, मग दुसरं. मग तिने माझ्या पोटावर हात ठेवला, क्षणभर, आणि पुस्तक बॅगेत टाकलं. ती पुढे त्या हॉटेलात गेली की नाही, मला कळलं नाही. आमची पुन्हा गाठ नाही.

थंडीत इक्बाल झाला. मी शिवणकामावर त्याला वाढवलं, दुसरं लग्न केलं नाही, गावी परत गेले नाही. लोकांना वाटलं, फार निग्रहाची बाई. निग्रह कसला, भीती होती. मी घर बदललं आणि तो आला तर? झावळ्यांचं घर पाडून रस्ता झाला तेव्हा मी धक्क्यावर चारचौघांना नवा पत्ता सांगून ठेवला होता. वाटा मात्र चालू राहिला. देऱ्यात, मग अल बर्शात इक्बालच्या पहिल्या फ्लॅटमध्ये, मग इथे. थाळीच्या जागी फॉइल आलं. सकाळी खालचा वॉचमन घेऊन जातो. नातवंडं त्याला दादीचा टिफिन म्हणतात. इक्बाल कधी काही म्हणाला नाही. बापाची ओळख म्हणून त्याला फक्त ही रोज झाकलेली भाकरी मिळाली, आणि हे चूक की बरोबर ते मला या वयातही ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, मी त्याला आशा दिली. कधी वाटतं, एका पोराला मी जन्मभर दारात उभं केलं.

आणि मदामचा मला हेवा वाटतो. तिला ठाऊक होतं, समोरच्या खुर्चीवर कोण नाही ते. ती रोज त्याला त्याच्या आवडीच्या ठिकाणी जेवायला घालत होती. मी माझ्या माणसाला इतकी वर्षं वाटेतच ठेवलं. ना समुद्रात, ना घरी. दुपारी इंजिन खाडीत शिरतं, ते म्हणूनच धक्क्याला लागत नाही.

हे सगळं मी सनाला सांगितलं. एकदम नाही, चार दुपारी मिळून. तिने त्या जुन्या हॉटेलाचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. पण नदीकाठ, आई आणि तीन तारे एवढ्यावर काय सापडणार. "दादी, देअर आर सो मेनी मदर्स," ती म्हणाली. मग ती गेली. जाताना तिने माझ्या गालाला गाल लावला आणि मी तिला सांगितलं की शाल घे, नदीचा वारा येतो.

काल जुमेरात होती. जेवून मी पडले होते, पडदे ओढलेले. फोन वाजला. सनाने फोटो पाठवला होता, आणि मागोमाग तिचाच फोन आला.

"दादी, बघितलास? तेच नाही, बट इट्स बाय द रिव्हर. अँड दे हॅव कनेल!"

फोटोत खिडकी होती, खिडकीत पाणी. पांढरी चादर. सनासमोर एक ताट, आणि पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर, दुसरं. दोन्हींत तांबूस रश्शात लांबट मुटका. वाफ दिसत होती.

"वेटर म्हणाला, शॅल वी वेट फॉर युअर गेस्ट?" सना म्हणाली. "मी म्हटलं, नो. प्लीज सर्व्ह बोथ."

मी फोन उशीवर उभा केला. इक्बाल म्हणतो, ताटावर फातिहा देणं हल्ली कुणी करत नाही, इमामसाहेबांना चालत नाही. नसेल चालत. मी ओढणी डोक्यावर घेतली. लोबान नव्हता. एसी घरघरत होता. त्या परक्या गावच्या ताटावर काही झाकलेलं नव्हतं, ते मी उघडंच पाहिलं, आणि हात पसरले. दाऊदचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं. मग साहेबाचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून मस्यू म्हटलं, आणि मदाम म्हटलं. शेवटी ते ठरवलेलं वाक्य त्याला सांगितलं. पलीकडून चमच्यांचा आवाज येत होता आणि लोकांचं जेवण चाललेलं ऐकू येत होतं.

संध्याकाळी इक्बाल ऑफिसातून आला. आम्ही जेवायला बसलो. मी भाकऱ्या वाढल्या, आमटी वाढली आणि माझं ताट पुढे ओढलं. त्याने ओट्याकडे बघितलं. फॉइलचा रोल तिथेच होता, न उघडलेला.

"अम्मा," तो म्हणाला, "अब्बांचा वाटा?"

साठीला टेकलेला माणूस, केस पांढरे झालेले. असं विचारायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"जेवले ते," मी म्हटलं. "दुपारीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भाकरी मोडली, आणि आम्ही दोघं जेवलो.